फ्लॉरेन्सला तीन रात्री द्या, आणि एक सकाळ काशीनेला

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी आपापल्या युरोप टूरचा कार्यक्रम मला पाठवून "कसा वाटतो?" म्हणून विचारलं. तिघांच्याही कार्यक्रमात फ्लॉरेन्सच्या वाट्याला एकच दुपार आली आहे. पिसाहून यायचं, गाइडच्या मागे दोन तास चालायचं, दुओमोसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर, फोटो काढायचा आणि संध्याकाळी बस पुढच्या गावाला. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं, ते इथेही लिहिते. फ्लॉरेन्सला तीन रात्री द्या. जमत नसेल तर या खेपेला ते गाव वगळा, पण एक दुपार देऊन "बघितलं" म्हणू नका.

हे मी अनुभवाने सांगते. सात वर्षांपूर्वी एका टूरबरोबर मी असंच अडीच तासांत फ्लॉरेन्स केलं होतं. मी कोल्हापूरची. न्यू पॅलेसवरून रोज शाळेला गेलेली. तरीही आमच्या एका छत्रपतींची छत्री, म्हणजे स्मारक, त्या गावात नदीकाठी काशीने नावाच्या बागेत उभी आहे, हे मला परत आल्यावर कळलं. गाइडने सांगितलं नाही आणि मीही आधी काही वाचलं नव्हतं. ती रुखरुख वर्षानुवर्षं राहिली. मागच्या ऑक्टोबरात आईला घेऊन गेले ते मुख्यतः त्यासाठी.

छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. १८६६ मध्ये गादीवर आले, १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले. प्रवासात रोजनिशी लिहीत होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथेच गेले. वय अवघं वीस. त्या वेळी फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती (१८६५ ते १८७१ एवढी सहाच वर्षं), आणि तिथे दहनाची प्रथाच नव्हती. बरोबरच्या माणसांनी परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांना अग्नी दिला. परक्या मुलखात, थंडीत, त्या माणसांनी संगम शोधला. मला या गोष्टीतलं हे सगळ्यात जास्त लागतं. रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापून निघाली.

आता नियोजनाचं सांगते, कारण तिथेच लोक चुकतात.

रोमहून वेगाच्या गाडीने फ्लॉरेन्स दीड तासावर आहे. सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला उतरलात की दुओमो पायी दहा-बारा मिनिटं. जुनं गाव सगळं चालत होतं, म्हणून भाड्याची गाडी घेऊच नका. गावाच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि कॅमेरे नंबर टिपतात. दंडाचा कागद घरी आल्यावर येतो. खोली घेताना मात्र एक प्रश्न आवर्जून विचारा, लिफ्ट आहे का? जुन्या इमारतीत तिसरा मजला म्हणजे उंच दगडी जिने, आणि आईवडील बरोबर असतील तर तिथेच दमायला होतं.

वार बघून जा. उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही कलासंग्रहालयं सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण मी तरी त्या रांगेत आईला उभं करणार नाही. आम्ही शनिवारी दुपारी पोचलो, रविवारची सकाळ उफिझीला दिली, सोमवार काशीनेसाठी राखला आणि मंगळवारी सकाळी अकादेमिया बघून गाडी धरली. दोन्हीकडची तिकिटं वेळेसकट घरूनच काढली होती. दुओमोच्या घुमटावर, ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने बांधलेल्या, चढायचं असेल तर तेही आधीच ठरवावं लागतं. ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही. मी एकटीच चढले. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत, खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचत तो घुमट वर नेला. चढताना आपण आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन घुमटांच्या मधल्या अरुंद वाटेने जातो. ते अंगाने कळायला हवं, खालून फोटोत कळत नाही.

अकादेमियात सगळे डेव्हिडकडे धावतात. १७ फुटांचा तो पुतळा थक्क करतोच. पण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर मायकेलॅन्जेलोचे अर्धवट राहिलेले कैदी उभे आहेत, दगडातून निम्मेच बाहेर आलेले. आई त्यांच्यापुढे पंधरा मिनिटं उभी होती. "याच्या हातातली छिन्नी दिसतेय गं अजून," म्हणाली. दुपारच्या टूरमध्ये अशी पंधरा मिनिटं कुठून आणणार?

पिसाला आम्ही गेलो नाही. कलता मनोरा बघायला अर्धा दिवस जातो, आणि तीनच रात्री हातात असताना तो अर्धा दिवस मी सान मार्कोच्या मठाला दिला. जिना चढून वर गेलं की समोर फ्रा अँजेलिकोचं भित्तिचित्र, आणि पुढे भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्यांमध्ये एकेक चित्र. गर्दी नाही, आवाज नाही.

खाण्याचं विचाराल तर शाकाहारी माणसाची तिथे अजिबात आबाळ होत नाही. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढऱ्या शेंगांचे दाणे आणि काळपट पालेभाजी एकत्र रटरटवलेली. शिळ्याचं सोनं करणाऱ्या आपल्या बायकांना ती लगेच पटते. फक्त मांसाचं पाणी नाही ना, एवढं विचारून घ्या. तिथला पाव बिनमिठाचा असतो. हॉटेलात बरेच जण तक्रार करत होते, आईने मात्र "भाकरीत तरी कुठे मीठ घालतो आपण?" म्हणत आवडीने खाल्ला.

सोमवारी काशीने. नकाशावर नाव वाचल्यावर आईने हात जोडले. त्या शब्दाचा काशीशी संबंध नाही. फ्लॉरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्याची तिथे शेती आणि गुरं होती, त्यावरून ते नाव पडलं. तरी मी तिला लगेच काही सांगितलं नाही. ट्राम बागेच्या शहराकडच्या टोकाला सोडते आणि छत्री अगदी पश्चिमेच्या टोकाला आहे. नदीकाठाने सुमारे तीन किलोमीटर सावलीतली सपाट वाट आहे. आम्ही बसत बसत गेलो. चालवत नसेल तर टॅक्सी करा, पण जा.

घुमटीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे, फेटा, दागिने, कोवळा चेहरा. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. ही छत्री १८७४ ची, आराखडा चार्ल्स मँटचा. पुढे कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला त्याच मँटच्या आराखड्यावर. म्हणजे ज्या इमारतीवरून मी शाळेला जात होते, ती काढणाऱ्या हाताने आधी हे काढलं होतं. शेजारून मोठा पूल जातो, १९७८ चा. त्याचं नाव पोन्ते आल्ल'इंडियानो, त्या भारतीय माणसाचा पूल. फ्लॉरेन्सची माणसं रोज हे नाव घेतात.

आईने पर्समधून एक पुडी काढली. अंबाबाईचं कुंकू होतं, मला न सांगता आणलेलं. पुतळ्याभोवती कठडा आहे, आत जाता येत नाही. तिने चिमूटभर कुंकू कठड्याच्या पायाशी वाहिलं आणि मग संगमाकडे तोंड करून बराच वेळ बसली. एक माणूस कुत्र्याला फिरवत आला, आम्हाला बघून थांबला, मान लववली आणि गेला.