लांडगीण घर सोडते ते पान

काल रात्री दीड वाजता एक गोष्ट वाचून संपवली आणि मग झोपच येईना, डोकं तापलं होतं नुसतं, म्हणून सकाळी डबा भरून झाल्या झाल्या हे लिहायला घेतलंय. लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

मी वेअरवुल्फच्या गोष्टी वाचते. माणसाचा लांडगा होतो त्या. अर्बन फँटसी म्हणतात या प्रकाराला, म्हणजे राजा, किल्ला, तलवार असलं काही नाही, आजचंच शहर, भाड्याची खोली, ट्रॅफिक, नोकरी आणि त्याच गर्दीत हे लांडगे माणसासारखे राहतायत. डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन येऊन माझे रोजचे अडीच तास लोकलमध्ये जातात, त्यात हेच वाचते. आता मराठी ॲपवरही अशा मालिका येतायत, आणि लेडीज डब्यात शेजारी उभी असलेली मुलगी मोबाइलवर तेच वाचत असते हे मी कितीदा बघितलंय.

कालच्या गोष्टीचं नाव नाही सांगत, कारण अशा शेकड्याने आहेत आणि प्रश्न एका लेखिकेचा नाही. दोन टोळ्यांचं वैर मिटवायचं म्हणून एका टोळीच्या अल्फाची, म्हणजे म्होरक्याची, मुलगी दुसऱ्या टोळीच्या अल्फाला दिली जाते. बैठक बसते, मोठी माणसं बोलतात, तिला कोणी विचारत नाही. लग्न झाल्यावर नवरा तिला मारत नाही की शिव्या देत नाही, तो फक्त संध्याकाळी दारात उभा राहून तिचा वास घेतो. आज कोणाशी बोललीस, कुठल्या रस्त्याने आलीस, कॉफी कोणाबरोबर प्यायलीस, सगळं त्याला वासावरून कळतं. ते वाचताना मी लोकलमध्ये चक्क डोळे मिटून घेतले. मग ती पळते. चाळीसेक पानं इतकी भारी आहेत की कुर्ला कधी गेलं कळलं नाही. आणि एकेचाळिसाव्या पानावर काय, तर नव्या शहरात तिला आणखी मोठा, आणखी श्रीमंत अल्फा भेटतो, लांबूनच वास घेतो आणि गुरगुरतो, ही माझी. संपलं. ती त्याच्या मिठीत. याला म्हणायचं सुटका?

मला याचा राग का येतो ते सांगते.

माझी एक मावसबहीण आहे. नाव, गाव काही सांगत नाही, तिची परवानगी घेतलीय एवढंच लिहायची. रीतसर बघून ठरवलेलं लग्न, कांदेपोहे, पत्रिका, छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळले म्हणून दोन्हीकडचे खूश. नवरा रोज रात्री तिच्या स्कूटीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवायचा. भाजी मार्केट इतकं, बँक इतकं, आणि त्यापेक्षा दीड किलोमीटर जास्त झालं तर जेवायला बसल्यावर शांतपणे विचारायचा, आज कुठे वळलीस गं? हात कधीच उचलला नाही. माहेरी सांगितलं तर सगळे म्हणायचे, अगं काळजी करतो तो तुझी.

ती निघाली तेव्हा एका दिवसात नाही निघाली. पाच महिने लागले. दहावीचं मार्कशीट, डिग्री, आधारची झेरॉक्स, पासबुक, एकेक कागद भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून समोरच्या काकूंकडे न्यायची आणि त्या काकू ते रव्याच्या डब्यात ठेवायच्या. शेवटच्या दिवशी तिने फक्त तो डबा उचलला. आजही तिच्या जन्मदाखल्याची घडी उघडली की त्यातून रव्याचे दोनचार कण पडतात, मी स्वतः बघितलंय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. या गोष्टींमधलं सगळ्यात किमती पान म्हणजे ती घर सोडते ते पान, आणि लेखक लोक नेमकं तिथेच घाई करतात. बदला, प्रेम, युद्ध याला दोनशे पानं आणि सुटकेला दोन ओळी, 'ती जंगलातून रात्रभर धावली'. धावली म्हणजे काय? पैसे कोणाकडून घेतले? सकाळी कुठे तोंड धुतलं? पहिली खोली कोणी दिली, एकट्या बाईला?

बऱ्याच जणी विचारतात, तू हे असलं काय वाचतेस, लांडगे बिंडगे. मला या प्रकारात जे सापडतं ते साध्या कौटुंबिक कादंबरीत इतकं सरळ कधी नाही सापडलं. या बाईला दात आहेत, नखं आहेत, ती चार पुरुषांना उचलून आपटू शकते, आणि तरी ती घरातून बाहेर पडू शकत नाही. का, तर अल्फाने एकदा सांगितलं 'थांब' की तिचे पायच हलत नाहीत, या गोष्टींमधला नियमच आहे तो, अल्फाची आज्ञा शरीरात उतरते. 'शिकलेली होतीस, कमावत होतीस, मग आधीच का नाही निघालीस' असं माझ्या बहिणीला ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मला हे एकेक पुस्तक हातात द्यायचंय. घ्या, वाचा, ताकद असून पाय कसे हलत नाहीत ते.

आणि फेटेड मेट नावाचा जो प्रकार आहे ना, की नियतीने आधीच जोडी ठरवलेली असते, वास आला की कळतं हाच तो, तो तर आपल्याला कोणी वेगळा समजवायला नको. गाठी वर बांधलेल्या असतात हे ऐकतच मोठ्या झालो आपण. फरक इतकाच की तिकडे नाक सांगतं, इकडे पंचांग. मुलीला विचारायचं राहूनच जातं दोन्हीकडे.

चांगलं लिहिणाऱ्या आहेत हं, नाही असं नाही. केली आर्मस्ट्राँग या कॅनडाच्या लेखिकेचं 'बिटन' २००१ चं आहे. त्यातली एलेना जगातली एकुलती एक बाई वेअरवुल्फ, आणि तिला तसं केलं कोणी तर ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्यानेच, चावून, तिला न विचारता. ती टोळी सोडून टोरांटोत राहते, पत्रकाराची नोकरी करते, आणि बदलायची वेळ आली की रात्री गुपचूप घराबाहेर पडते. ते टोरांटोतलं दोन आयुष्यं सांभाळणं इतकं खरं उतरलंय की मी ते दोनदा वाचलं. शेवटी ती त्याच माणसाकडे परत जाते, तिथे माझं लेखिकेशी भांडण आहे आणि ते मिटणारं नाही. पण निदान एलेना त्याला वर्षानुवर्षं माफ करत नाही, समोरासमोर जाब विचारते, विसरून जात नाही.

पॅट्रिशिया ब्रिग्ज या अमेरिकन लेखिकेची ॲना आहे, शिकागोतली, हॉटेलात वेट्रेस. तिच्या टोळीने तिचे इतके हाल केलेत की ती कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही. एक दिवस पेपरमध्ये बेपत्ता मुलाचा फोटो दिसतो, त्याला तिने टोळीत बघितलेलं असतं, आणि ती सगळ्या टोळ्यांच्या वरच्या माणसाला स्वतः फोन लावते. पुढे तिला चांगला नवरा मिळतो वगैरे सगळं आहेच. पण मला विचाराल तर गोष्ट त्या फोनची आहे. थरथरत्या हाताने का होईना, फोन तिने लावला.

आपल्याकडे तर केवढी मोठी परंपरा आहे याची! मुलीचं लग्न जमत नसेल तर तिला एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला बसवतात, मलाही आजीने बसवलं होतं. आणि त्यात ती मुलगी करते काय? भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतो, मांडव घातलेला, आणि ही ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला स्वतः पत्र पाठवते की मला इथून न्या. विदर्भाची राजकन्या, आजच्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर. रथ कृष्णाचा, मान्य, पण पत्र तिचं. आजी वाचून घ्यायची तेव्हा मी दहावीत होते, पत्राशी आले की ती थांबायची आणि चष्मा पुसायची, का पुसायची ते मला आता कळतंय.

आता खऱ्या लांडग्यांचं सांगते, कारण इथे मला खरंच आश्चर्याचा धक्का बसला होता. हे अल्फा प्रकरण आलं कुठून? १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला, ते सतत एकमेकांवर गुरगुरत, वर चढायला बघत. डेव्हिड मीच या अमेरिकन अभ्यासकाच्या १९७० च्या पुस्तकामुळे ती कल्पना जगभर झाली. मग याच मीच यांनी कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ उन्हाळेच्या उन्हाळे काढले आणि १९९९ मध्ये लिहिलं की टोळी म्हणजे बहुतेक वेळा साधं कुटुंब असतं, आई, बाप आणि त्यांची पिल्लं, अल्फा म्हणण्यात अर्थ नाही. स्वतःचंच जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले ते. म्हणजे बघा ना, आपण जे नवरेशाहीचं मॉडेल निसर्ग म्हणून वाचतोय ते मुळात पिंजऱ्यातलं आहे.

आणि मोकळ्या रानात मुलगी लांडगीण काय करते? मोठी झाली, साधारण एक ते तीन वर्षांची, की बहुतेक वेळा टोळी सोडून निघते. एकटी. कितीतरी किलोमीटर जाते, जोडीदार शोधते, नवा मुलूख शोधते. मुलगेही तसेच निघतात. तिला कोणी देत नाही, कोणी नेत नाही. आपल्याकडे सासवड, सोलापूर भागातल्या माळरानांवर लांडगे अजून आहेत, धनगरांना विचारा. एकदा सोलापूरजवळच्या नान्नजला संध्याकाळी लांबच्या टेकाडावर एक दिसला होता, एकटाच, अंग बारीक, पाय लांबलांब, सगळा पिवळट गवताच्या रंगाचा. मागे वळून एकदा बघितलं आणि चालायला लागला. नर की मादी ते एवढ्या लांबून ओळखता येईना, पण मी मनात ठरवून टाकलं की मादीच.

रखमाबाईंचं नाव या पोस्टमध्ये यायलाच हवं. अकराव्या वर्षी लग्न लावलं, मोठी झाल्यावर नांदायला जायला नकार दिला, १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. आधी निकाल बाईंच्या बाजूने लागला, मग अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टाने सांगितलं की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. कुठला अल्फा नाही, कुठला रथ नाही. वडिलांच्या ठिकाणी असलेले डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते, पण ते खटला चालू असतानाच गेले. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं. १९५५ मध्ये त्या गेल्या. त्याच १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि त्यात कलम ९ आहे, नांदायला या म्हणून दावा लावायचं. माझ्या बहिणीला घर सोडल्यावर दोन महिन्यांनी जी नोटीस आली ती याच कलमाची. आता नाही गेलं तर तुरुंग नाही, पण कोर्टाच्या तारखा आहेत, वकिलाची फी आहे, आणि 'आम्ही तर तिला न्यायलाच तयार आहोत' हे चार माणसांत सांगायची सोय आहे. ती नोटीस हातात धरून ती मला म्हणाली, ताई, यात माझंच नाव आहे ना, मग मला विचारलंय कुठे? मला उत्तर देता आलं नाही.

म्हणून ज्या कोणी मराठीत हे लिहिताय त्यांना हात जोडून सांगते. लिहा, खूप लिहा, वाचायला आम्ही हजारोंनी आहोत. पण तिला पळवताना घाई करू नका. सोलापूरहून पहाटेच्या एसटीत बसवा तिला. बसमध्ये शेजारच्या माणसाचा वास, डिझेलचा वास, कोणाच्या तरी डब्यातल्या शेंगदाणा चटणीचा वास, तिचं नाक आहे ना तसलं, मग वापरा की. आज्ञा पायात उतरलेली असताना ती पहिली पायरी कशी चढली ते लिहा, एक पान लागलं तर एक पान, दहा लागली तर दहा. कागद कुठे लपवले होते ते लिहा. स्वारगेटला उतरल्यावर पौर्णिमेला अजून किती दिवस आहेत ते ती बोटावर मोजेल, आणि तोवर जिथे दार आतून लावता येईल अशी खोली शोधेल, डिपॉझिट किती म्हणून विचारेल, घरमालकीण विचारेल मिस्टर काय करतात, तेव्हा ती काय सांगते ते लिहा. प्रेमात पडू दे की नंतर, माझं कुठे काही म्हणणं आहे. पण आधी त्या खोलीत तिला एक तरी पौर्णिमा एकटीला काढू द्या.

कोणी लिहीत असेल तर मला टॅग करा. रात्री दोनला टाकलंत तरी वाचेन. मावसबहीण पण वाचणार आहे, तिने कालच विचारलं, ताई, त्या लांडगिणीचं पुढे काय झालं गं, आणि एकेचाळिसावं पान मी तिला सांगितलेलं नाही.