घरकुल हवंय? मग आधी राहतं घर पाडा

गावात प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मिळवायचं असेल तर पहिली गोष्ट, तुमच्याकडे जागा हवी. हसू नका. योजना बेघरांसाठी आणि कच्च्या घरातल्यांसाठीच आहे, पण घर काय हवेत बांधायचं? जागेचा नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, तुमच्याच नावावर हवा. तो आज्याच्या नावावर असेल आणि आजा वारून तीस वर्षं झाली असतील, तरी घाबरू नका. अर्ध्या गावाचं हेच आहे, रांगेत सोबत मिळेल.

यादीत नाव यायची घाई करू नये. २०११ च्या पाहणीला तुम्ही ऊसतोडीला गेला होतात, सुटलात. २०१८ ला ‘आवास प्लस’ची, म्हणजे सुटलेल्यांची, नोंद झाली, तेव्हाही फडातच. पुढं तर मोबाईलवर स्वतःच सर्वे करायची सोय झाली. चेहरा धरायचा आणि डोळे मिचकवायचे. माझ्या अडुसष्ट वर्षांच्या चुलतीला अंगणात उभं करून डोळा मिचकवायला शिकवत होतो, तेव्हा आख्खी गल्ली जमली होती. तिकीट लावलं असतं तर जोत्याचा खर्च निघाला असता.

पूर्वी दुचाकी किंवा फ्रिज असला की नाव कटायचं. ती अट आता काढलीय. तेवढ्यासाठी ज्यांनी गाडी मेव्हण्याच्या नावावर केली, त्यांनी मेव्हण्याशी गोड बोलावं.

५ ब्रास वाळू मोफत आहे. कुठे आहे, ते विचारू नये.

हिशेब मात्र चोख ठेवा. १ लाख २० हजारांत स्वयंपाकघरासकट निदान २६९ चौरस फूट. ही रक्कम २०१६ सालची आहे, हे सिमेंटच्या दुकानदाराला नम्रपणे सांगून बघा. २०२५ मध्ये राज्यानं वर आणखी ५० हजार जाहीर केले, त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी. छत झालं की बसवूच.

आता मुख्य सल्ला. मंजुरीचं पत्र आलं की राहतं घर पाडून टाका. दुसरी जागा नसेल तर नवं घर उभं राहणार कुठे? चुलतीनं हा सल्ला तंतोतंत पाळला. चैत्रात मातीचं घर पाडलं, समोर ताडपत्री बांधली, चूल त्याच ताडपत्रीखाली. पहिला हप्ता १५ हजार. त्यात जोतं होत नाही हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, पण जोतं झाल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. मग बचत गटातून ४० हजार उचलले आणि जोतं केलं. आता साहेबांनी यायचं, फोटो काढायचा, तो ॲपवर चढवायचा. बास, एवढंच. साहेब आज येतो म्हणाले, सोमवारी येतो म्हणाले, ट्रेनिंगला आहे म्हणाले. आले ते मृगाचा पाऊस पडून गेल्यावर. फोटो काढला तर रेंज नाही. ‘परत येतो.’ आषाढ गेला. पंचायत समितीत विचारलं तर फाईल जिल्ह्याला, जिल्ह्याला फोन लावला तर तालुक्याला. शेवटी टेबलावरच्या एकानं चष्मा पुसत मला विचारलं, “तुमच्या आधीचे चार जण काय वेडे होते का?”

रोहयोची ९० दिवसांची मजुरीही मिळते म्हणे. हजेरीचं मस्टर निघालं की.

सल्ले खूप झाले. अहो, एक फोटो! एका फोटोपायी म्हातारी बाई रात्री ताडपत्रीवरचं पाणी काठीनं ढकलत बसते. गटाचं व्याज दर महिन्याला चढतंय, ते भरायला ती या वयात खुरपायला जाते. मोठ्या कार्यक्रमात चावी देतानाचे फोटो बरे लगेच चढतात तुमचे, तेव्हा रेंज कशी येते? तिथं चार-चार कॅमेरे असतात, आणि इथं यायला तुम्हाला गाडी नाही. आणि गावातल्या पुढाऱ्यांनो, मंजुरीच्या दिवशी तिच्या शेजारी उभं राहून स्टेटसला टाकलंत ना? ती बाई आजही तिथंच आहे, तुमच्या घरापासून चाळीस पावलांवर. एक फोन करायला तोंड उचकटत नाही तुमचं? लाज वाटू द्या जरा.

साहेब, जोतं पावसानं खचायच्या आत या. रेंज ओढ्याकडच्या बांधावर येते. मी तिथं उभा राहतो.