मनगटावरचे घड्याळ आणि ऑर्वेलचा टेलिस्क्रीन

स्मार्टवॉचची तुलना जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या १९४९ सालच्या कादंबरीतील टेलिस्क्रीनशी, म्हणजे माणसांवर सतत नजर ठेवणाऱ्या पडद्याशी, करणे हा निव्वळ कांगावा आहे, असा एक युक्तिवाद समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. टेलिस्क्रीन सत्तेने लादलेला होता, घड्याळ आपण स्वखुशीने घेतो. त्यातून जमा होते ती फक्त पावलांची आणि ठोक्यांची मोजणी, तीही नाव वगळून. आणि ज्याच्या मनात खोट नाही त्याने भिण्याचे कारण नाही, असा त्याचा सारांश. यातला एकही मुद्दा तपासल्यावर टिकत नाही.

नाव वगळण्याचे आधी पाहू. स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या हालचालींचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यावर कोणाचेही नाव नव्हते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की, अफगाणिस्तान आणि सीरियातील एरवी काळ्याकुट्ट दिसणाऱ्या भागांत लष्करी तळ आणि सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उजळ रेघांनी उमटल्या आहेत. त्या सैनिकांच्या मनात तरी कोणती खोट होती? ते फक्त व्यायाम करत होते.

‘फक्त मोजणी’ हेही फसवे आहे. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो आणि रक्ताने त्यातला किती शोषला यावरून ठोके मोजले जातात. पण महिनोन्‌महिने साठलेल्या त्याच नोंदींवरून झोप, श्रम आणि आजारपण यांचाही अंदाज बांधता येतो. शिवाय ती नोंद ज्याच्या भरवशावर दिली त्याच्याकडेच राहील असे नाही. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये फिटबिट ही अशी मनगटी उपकरणे बनवणारी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा फिटबिटची माहिती जाहिरातींसाठी १० वर्षे वापरायची नाही, अशी अट युरोपीय आयोगाला घालावी लागली, आणि ती अट युरोपीय आर्थिक क्षेत्रातील वापरकर्त्यांपुरतीच आहे.

राहिला स्वखुशीचा मुद्दा, आणि खरी गफलत इथेच आहे. नागपूर, चंदीगड, पंचकुला येथील सफाई कामगारांना जीपीएस असलेली घड्याळे कामाच्या वेळात बांधणे भाग पाडले गेले. कामगार कुठे आहे, किती वेळ एका जागी थांबला, हे त्यातून वरिष्ठांना कळते. घड्याळ बंद पडले वा हद्दीबाहेर गेले म्हणून पगार कापला जातो, अशा तक्रारी त्यांनी केल्या आणि आंदोलनेही केली. झाडू हातात घेऊन पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या बाईला ‘नको असेल तर काढून ठेवा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे. ऑर्वेल यांच्या कादंबरीत तर कष्टकरी वर्गातील बहुतेकांच्या घरी टेलिस्क्रीन नव्हताच, कारण तिथल्या सत्ताधारी पक्षाला धाक ठेवायचा होता तो मुख्यतः स्वतःच्या सभासदांवर. आपण मात्र सक्तीची सुरुवात सर्वांत दुबळ्या मनगटापासून केली आहे.

कायद्याचा आधार शोधावा, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे सातवे कलम नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकाला देते. ज्या संमतीवर हा सारा युक्तिवाद उभा आहे, ती तिथे मागितलीच जात नाही.