बहीण शिकायला गेलीय, टूर गाइड व्हायला नाही

परदेशात शिकणाऱ्या भावाबहिणीकडे जाऊन राहणारी माणसं त्यांचा जीव खातात, असं माझं स्पष्ट मत झालंय. राहायला फुकट, फिरवायला घरचं माणूस, भाषेचा प्रश्न मिटलेला. आपली सहल स्वस्तात होते आणि त्यांचं सेमिस्टर गोत्यात येतं.

यंदा जूनमध्ये धाकट्या बहिणीकडे बर्लिनला जाऊन आलो. ती तिथल्या फ्राये युनिव्हर्सिटीत मास्टर्स करतेय. तिकीट काढायच्या आधीच तिने बजावलं होतं, "दादा, ये तू, पण लेक्चर्स चालू असतात हं. दिवसा मी तुझी नाही." जर्मनीत उन्हाळी सेमिस्टरची लेक्चर्स साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतात, आणि फिरायला जायचा लोकांचा आवडता मोसमही नेमका तोच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे जूनमध्ये बर्लिनला सूर्य मावळतो रात्री साडेनऊच्या सुमारास. तिचा अभ्यास, पार्ट-टाइम काम सगळं आटोपलं तरी उजेड शिल्लक असतो. त्यामुळे दिवस माझा, संध्याकाळ दोघांची, अशी वाटणी झाली.

राहायला तिच्या खोलीत गेलो नाही, जवळच्या हॉस्टेलवर उतरलो. तिचा शेअर्ड फ्लॅट आहे, बाथरूम एक, सफाईच्या पाळ्यांचा कागद फ्रिजवर लावलेला. अशा घरात पाहुणा म्हणजे तिच्या फ्लॅटमेट्सच्या डोक्याला ताप, आणि आपण निघून आल्यावर बोलणी खायची तिने.

नावाजलेल्या जागा मी एकट्याने उरकल्या. त्यासाठी बहीण लागत नाही. झू स्टेशनवरून १०० नंबरची साधी सिटी बस पकडली की अलेक्झांडरप्लाट्झपर्यंत निम्मं बर्लिन खिडकीतून दिसतं. राइशटागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीच्या, काचेच्या घुमटाला तिकीट नाही, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. पेर्गामोन म्युझियम ऑक्टोबर २०२३पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, त्यामुळे तो निर्णय आपोआप झाला.

संध्याकाळी मात्र मी तिला एकच सांगितलं होतं. मला काही दाखवायला नेऊ नकोस, तुझी जी कामं असतील त्यांना मला बरोबर ने.

म्हणून आमची पहिली 'सहल' सुपरमार्केटमधल्या बाटल्यांच्या मशीनपाशी झाली. तिथे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिकच्या बाटलीवर सहसा २५ सेंट डिपॉझिट असतं. रिकामी बाटली मशीनच्या तोंडात घालायची, ती आत गरगर फिरते, कोड वाचला गेला की पैसे जमा. शेवटी चिठ्ठी येते, ती काउंटरवर द्यायची. एक बाटली चेपलेली होती, मशीनने दोनदा बाहेर ढकलली. बाईसाहेबांनी ती शांतपणे तोंडाला लावली, फुंकून फुगवली आणि परत आत घातली. घेतली मशीनने! मागे रांगेत उभ्या आजोबांनी मान डोलावली. रस्त्यात प्यायलेल्या बाटल्या ती कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, बाजूला उभ्या करून ठेवते. बाटल्या गोळा करून त्यावर चार पैसे मिळवणाऱ्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलं, विचारलं. म्हणाली, "कोणी नाही, सगळे करतात."

रस्ता रिकामा होता, मी लाल सिग्नलला पाय पुढे टाकला तर दंड धरून मागे खेचलं. "दादा, लहान मुलं बघतायत ना!" लहानपणी हिला रस्ता ओलांडून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

एकदा मी तिला घ्यायला डालेमला, तिच्या कॅम्पसवर गेलो. थोडं चालत जाऊन ती एका इमारतीसमोर थांबली. इनेश्ट्रासे २२. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. पूर्वी तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती, १९२७ साली सुरू झालेली. आपल्या इरावती कर्वे पीएचडीसाठी बर्लिनला आल्या त्या याच संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसण्याचा वंशाशी संबंध असावा, हा फिशर यांचा तर्क. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही असा निष्कर्ष काढला. गाइडच्या मताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत! पुढे नाझी काळात हीच संस्था वंशद्वेषाच्या कामाला जुंपली गेली, आउश्वित्झच्या छळछावणीतून तिथल्या नाझी डॉक्टर मेंगेलेने मृतांचे अवयव पाठवले ते इथेच. दारापाशी तशी पाटी लावलेली आहे. बहीण म्हणाली, "माझ्या सरांशी मतभेद झाला ना, की मी या रस्त्याने घरी जाते." तिचा कोणाशी मतभेद झालाय, हे मला तोवर माहीतच नव्हतं. फोनवर आम्ही 'जेवलीस का' आणि 'थंडी आहे का' यापलीकडे जातो कुठे?

टेम्पलहोफला ती अभ्यासाचा वीट आला की सायकल घेऊन जाते. २००८ साली बंद झालेला विमानतळ. पुढे तिथे इमारती उभारायचं घाटत होतं, तर २०१४मध्ये बर्लिनकरांनी सार्वमत घेऊन ते हाणून पाडलं. आता धावपट्टीवर लोक स्केटिंग करतात, पतंग उडवतात. १९४८-४९मध्ये सोव्हिएत नाकेबंदी झाली तेव्हा पश्चिम बर्लिनला पीठ-कोळसा घेऊन येणारी विमानं इथे उतरायची. तिची युनिव्हर्सिटी स्थापन झाली तीही १९४८ची, त्या नाकेबंदीतच.

त्या धावपट्टीवर बसून पैशांचा विषय निघाला. जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याला बँकेत पैसे अडकवून ठेवावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. त्यात भाडं, विमा, खाणं सगळं. अशा मुलीला आपण हौसेने महागड्या हॉटेलात जेवायला नेतो आणि वर 'बिल मी देतो' म्हणून मोठेपणा घेतो. मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "त्यापेक्षा तेवढे पैसे दे ना!" दिले. जेवलो मेन्सात, म्हणजे तिच्या कँटीनमध्ये.

घरून रोज फोन येत होता. बारीक झालीय का, खोली कशी आहे, मित्रमैत्रिणी कोण? मी सरळ सांगितलं, तिलाच विचारा. भेटायला जाणाऱ्याने घरच्यांचा हेर होऊ नये, यावर मी ठाम आहे. तुम्ही रिपोर्ट पाठवताय असा नुसता संशय आला तरी पोरं तुमच्यापासून पण लपवायला लागतात.

आता आई-बाबा पुढच्या वर्षी जायचं म्हणतायत. बहिणीने अटी आधीच कळवल्या आहेत. परीक्षांच्या आठवड्यात नाही, उतरायचं हॉस्टेलवर नाहीतर हॉटेलात, आणि राइशटागचं बुकिंग बाबांनी स्वतः करायचं, फॉर्म इंग्रजीतही आहे. बाबा जरा दुखावलेत. मी तिच्या बाजूने आहे.