काठ साफ करू नका

गेले चार दिवस आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. जळगावच्या मेहरूण तलावाचा काठ साफ करून पेव्हर ब्लॉक, दिवे, बाकडी बसवावीत की नाही? मी लिहिलं, पाणकणीस आणि बाभळी राहू द्या. लगेच एका मित्राचं उत्तर आलं, "भाऊ, टोरांटोत बसून शिकवू नको. इथले डास तुला चावत नाहीत. तिकडचे काठ बघ, कसे चकाचक असतात!"

चकाचक? रविवारी अमळनेरच्या मित्राबरोबर इथल्या, टोरांटोतल्या लेस्ली स्ट्रीट स्पिटवर गेलो होतो. पाडलेल्या इमारतींच्या विटा आणि काँक्रीट ओंटारिओ सरोवरात लोटून झालेली ही पाच किलोमीटरची पट्टी. १९५०च्या दशकात बंदरासाठी भराव सुरू झाला, पुढे त्या बंदराची गरजच उरली नाही. वाऱ्याने बिया आणल्या, कॉटनवुडची झाडं वाढली. सळया अजून दगडांतून वर आलेल्या दिसतात. पाणकावळ्यांच्या वस्तीचा वास लांबूनच येतो, त्यांच्या विष्ठेने झाडं वाळलीत. तरी तिथे कुणी लॉन लावलं नाही, आणि कुत्रं न्यायलाही मनाई आहे. तीनशेहून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेलेत. शेकाट्या चिखलात चोच घालतो, फरशीत नाही, एवढंच माझं म्हणणं.

टोरांटोतल्याच हार्बरफ्रंटचा काठ मात्र काँक्रीटचाच आहे. ते मी ग्रुपवर लिहिलं नाही. आणि डासांचं ग्रुपवरचा मित्र म्हणतो ते खोटं नाही. आई अजून पाच वाजताच खिडक्या लावून घेते.

परतताना कॉटनवुडच्या फांदीवर काळ्या टोपीचा, लाल डोळ्यांचा, मान खांद्यात ओढून बसलेला पक्षी दिसला. अमळनेरच्या मित्राने दुर्बीण खाली घेतली आणि अहिराणीत म्हणाला, "अरे, हाऊ ते आपला शे!"

रातबगळा. उपजात वेगळी, पण जात तीच. मला बोलताच येईना. अठरा वर्षं जळगावात काढली, मेहरूणला गेलो तो फक्त बोरांसाठी. दिवेलागणीला डोक्यावरून 'क्वॉक' करत हा जात असणार, मी एकदाही मान वर केली नाही. त्याचं मराठी नावसुद्धा इथे आल्यावर शिकलो. मग मी कुणाच्या वतीने भांडतोय?

तरी रात्री ग्रुपवर फोटो टाकला आणि डासांवरून बोलणाऱ्या त्याच मित्राला लिहिलं, "उद्या अंधार पडताना काठावरच्या बाभळींकडे बघशील? दिसला तर मला फोन कर. तिथला आवाज ऐकायचाय."