मोहोर खुडायचा कोणी?

हंगामाच्या तोंडाला मानकुराद आंब्याचा डझन हजारांत गेला की गोव्यातल्या घराघरांत एकच ठराव मंजूर होतो: यंदा आपण कलम लावायचं. 2023 मध्ये मानकुरादला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर या ठरावाला विरोध करणं म्हणजे गोंयकारपणाला विरोध.

ठराव गार खोलीत होतो, अंमलबजावणी मे महिन्यात जांभ्या दगडात. खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. वीतभर माती निघाली की पहार ठण्णकन वाजते आणि मदतीला आलेल्यांना एकेक काम आठवू लागतं. ‘अर्धा मीटर पुरे रे’ म्हणणारा भेटतोच. त्याचं ऐकू नये. कडक चिऱ्यात कोरलेला उथळ खड्डा पावसात टाकी होतो, पाणी जिरत नाही, मुळं कुजतात. तळाचा चिरा फोडावा आणि उताराकडे चर काढावा. मग वरची माती, 20 ते 25 किलो शेणखत, दोन किलो सिंगल सुपर फॉस्फेट खत. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्चं घातलं तर वाळवी सहकुटुंब राहायला येते. भराव जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवावा, पहिल्या चार सरींत तो बसतोच.

लावणी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. पिशवी ब्लेडने चिरायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, काठीचा आधार द्यायचा. कलमाचा सांधा जमिनीच्या वीतभर वर राहिला पाहिजे. शेजारी कुंपणावरून सांगतात, ‘खोल घाल, वाऱ्याने पडेल.’ सांधा मातीत गेला की तिथे कूज धरते, आणि त्याच्या खालून फुटणारे धुमारे दिसत नाहीत. हे धुमारे खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या कोयीपासून वाढलेल्या रायवळ रोपाचे. घरची मंडळी त्यांच्यावर फार खूश असतात: ‘बघ, कसं जोमात आलंय!’ कोवळे असतानाच अंगठ्याने मोडावेत, नाहीतर वर मानकुराद वाळतो आणि खाली कोण जाणे कुठला आंबा वाढतो. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर तीही काढावी, नाहीतर खोड वाढताना तिथेच आवळलं जातं.

एवढं सगळं निभतं. खरा प्रसंग जानेवारीत येतो. गुडघ्याएवढं कलम मोहोरतं, आणि नियम असा की पहिली तीन वर्षं मोहोर खुडायचा. कलमाचं अन्न फळात गेलं तर फांद्या वाढत नाहीत, झाड खुरटतं. हे आजीला समजावून पाहावं. ‘धरल्या मोहोराला हात लावतोस? कुठे फेडशील?’ यावर कृषिशास्त्राकडे उत्तर नाही. ‘एकच आंबा ठेव, देवाला’ ही तडजोडही नाकारावी, कारण त्या एका आंब्यासाठी मग कलमाला माणसापेक्षा मोठा टेकू लागतो.

खुडायची वेळ दुपारी दोन ते चार. या वेळात गोव्यात जागं असणं असभ्य समजतात, म्हणून साक्षीदार नसतो. मोहोराचा तुरा बोटभर असतानाच कात्रीने बुडातून कापावा, खालची पानं राखावीत. तुरे कुंपणाजवळ टाकू नयेत, चांगले खोल पुरावेत.

चौकशी झालीच तर खापर तुडतुडे या किडीवर फोडण्याची पद्धत आहे. मोहोराचा रस तेच शोषतात, मोहोर गळतोही. फक्त आजीने पान चाचपून पाहू नये. तुडतुडे आले की पानांवर चिकटा पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. आपली पानं मात्र लख्ख, कारण आदल्याच दिवशी आपण ती पाइपने धुतलेली असतात.