मृत्यूचा दिनांक मी कुठून आणू?

दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता झालेल्या आमच्या जिभाऊंचा ठावठिकाणा कळावा म्हणून केलेला अर्ज आज चौथ्यांदा परत आला. शेरा तोच, ‘माहिती अपूर्ण’. अरे, माहिती पूर्ण असती तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, घरात सगळे त्यांना जिभाऊ म्हणतात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या फौजेच्या हाती पडलं आणि सुमारे ३३ हजार सैनिक कैदी झाले. ही पलटणही त्यातच. पुढे इटलीतल्या छावणीतून एक कार्ड आलं. छावणीत पोहोचल्यावर आठवड्याच्या आत घरी असं कार्ड धाडायचा हक्क १९२९ च्या जिनिव्हा करारानं कैद्याला दिला होता. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा युद्धविराम जाहीर झाला. कैदी छावण्यांतून निसटले, काहींनी स्वित्झर्लंड गाठलं, बऱ्याच जणांना जर्मनांनी धरून नेलं. जिभाऊ यातल्या कुठल्या वाटेनं गेले, एवढंच आम्हाला हवंय.

तर म्हणे, सैनिकाचा नंबर आणा. कार्डावरची शाई उडालीय, नंबरचे शेवटचे दोन आकडे लागत नाहीत. नाव दिलं, बापाचं नाव दिलं, गाव, पलटण, पकडल्याची तारीख, सगळं दिलं. पण नंबर नाही म्हणजे माणूसच नाही!

मग जिल्ह्याचं रामायण. कार्डावर जिल्हा आहे पश्चिम खान्देश. खिडकीतला माणूस यादीवर बोट फिरवून सांगतो, ‘असा जिल्हा नाही.’ खान्देशातच बसून हे सांगतो! १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याचेच पुढे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. आमचं गाव त्या नव्या जिल्ह्यात गेलं. त्यामुळे एक कार्यालय म्हणतं जुनं दप्तर तिकडे, दुसरं म्हणतं आमच्याकडे आलंच नाही. मधल्या एस.टी.च्या फेऱ्या मी मारायच्या, शेतातली कामं टाकून.

कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाच्या याद्या इंटरनेटवर फुकट बघता येतात, दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांची नावं. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हासुद्धा असतो. रात्र रात्र बसून पाहिल्या. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं पाच-सहा तऱ्हेनं टाकून पाहिली, कारण तेव्हाचा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा. सापडले नाहीत. मग ते गेले नव्हते, की नावच चुकीचं चढलं? हे सांगू शकेल असं दप्तर कुठेतरी असणार ना? ते कुठे आहे हे तरी सांगा. तेही कुणी सांगत नाही.

एका साहेबांनी तर विचारलं, ‘ऐंशी वर्षं झाली, आता काय करायचंय?’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिभाऊंची धाकटी बहीण, आमची आक्का, एक्क्याण्णव वर्षांची आहे. कार्ड आलं तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. मी शहरातून परतलो की ओट्यावरूनच विचारते, ‘काही समजनं का रे भाऊ?’ हे तिला जाऊन विचारा, काय करायचंय ते.

आणि हे फक्त जुन्या इंग्रजी अमलातल्या कागदांचं दुखणं नाही. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानचे ९३ हजार कैदी आपण परत केले, आणि आपले ५४ जण आजही बेपत्ता आहेत. २००७ साली त्यांच्या काही नातेवाइकांना तिकडचे तुरुंग दाखवले, तिथूनही ती माणसं रिकाम्या हातानं परतली. त्यांच्याकडे नंबरही होते, फोटोही होते, सगळं होतं.

आजच्या फेरीत नवीनच कळलं. अर्जातला ‘मृत्यूचा दिनांक’ हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. खिडकीतला माणूस हळूच म्हणाला, ‘अंदाजे टाका काहीतरी, कोण बघतंय.’ आक्काच्या भावाच्या मरणाची तारीख मी अंदाजे टाकू?

रकाना कोरा ठेवलाय. सोमवारी परत जाणार आहे.